जर्मन गाडीचा नंबर

ऋतुराज जर्मनीतली नोकरी सोडून संभाजीनगरला परत आला, तो स्वतःची मोटारसायकल जहाजात घालूनच. गाडी आरटीओत पासिंगला नेली तेव्हा तिथल्या साहेबांनी तिच्याभोवती प्रदक्षिणा घातली आणि हेडलाइटवर बोट ठेवलं.

"ह्याचा उजेड उजवीकडं पडतो. तिकडं चालत आसंल, आपल्याकडं नाय."

हेडलाइट बदलला, तर जर्मन कागदांचं भाषांतर मागितलं. ते आणलं, तर सायलेन्सरच्या आवाजावर शंका निघाली. वर्षभर गाडी उस्मानपुऱ्यातल्या घराच्या जिन्याखाली चादर पांघरून निजली.

मावसभाऊ विश्वजीत येता-जाता हसायचा. "आरं, चालव की तशीच! नंबर कोण बघतंय इथं?" त्याच्या स्वतःच्या बुलेटवर नंबराच्या जागी नुसतं 'सरकार' लिहिलेलं होतं. पण ऋतुराज लई हट्टी. नंबर आल्याशिवाय चाक हलणार नाही, म्हणाला.

शेवटी नंबर आला. नियमातली पाटी, डोक्यावर हेल्मेट, खिशात सगळे कागद, अशा थाटात तो विश्वजीतच्या मागोमाग निघाला. पहिल्याच चौकात हवालदारानं 'सरकार'ला हसून हात केला आणि ऋतुराजला शिट्टी मारून बाजूला घेतलं.

"साहेब, माझं काय चुकलं?"

हवालदारानं पाटी पुन्हा एकदा नीट वाचली.



"एवढी भारी गाडी, आन् नंबर सरळ वाचता येतोय? खरं सांग, कुठून चोरली?"