अर्धं अर्धं

दुखणं वाटून घ्यायच्या यंत्राचा मनगटावरचा पट्टा सुटला तेव्हा शालन घामानं निथळत होती. ताराच्या पोटातल्या कॅन्सरचं दुखणं तिनं तासभर स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. ओरडू नये म्हणून चावलेल्या ओठातून रक्त आलं होतं.

शेजारच्या खाटेवरून तारानं विचारलं, "फार दुखलं का गं?"

"छे! अर्धंच तर होतं. आपलं ठरलेलंच आहे की, सगळं अर्धं अर्धं."

एसटीत कंडक्टर असताना दोघींनी तीस वर्षं एकाच डब्यात खाल्लं. भाकरी मोडायची ती तारानंच, आणि मोठा तुकडा हटकून शालनकडे सरकवायची. शालन भांडायची, पण ही बया ऐकेल तर शपथ!

ताराचा डोळा लागला तशी शालन नर्सला हळूच म्हणाली, "सिस्टर, उद्यापासून माझा वाटा वाढवा. अर्ध्याहून जास्त सोसेन मी."

सिस्टर घुटमळली. "अर्धा कुठला, मावशी? वाटा पेशंट ठरवतो. ताराबाई तुम्हाला शंभरातले पाचच देतात."

शालन ताराच्या खाटेशी गेली. झोपेतही कण्हणाऱ्या ताराकडे बघत राहिली.

मोठा तुकडा तारानं आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःकडे ठेवला होता.