बिनवासाचं मलम

“यांचे हात खरखरीत आहेत ना डॉक्टर, त्यानंच होत असणार. आता मी बाळाला हातच लावू देत नाही यांना,” सून सासूबाईंकडे बघत म्हणाली.

त्या शेजारच्याच खुर्चीत होत्या. त्यांनी दोन्ही हात मांडीवरच्या पिशवीखाली सरकवले.

डॉक्टरीणबाईंनी सात महिन्यांच्या बाळाचे पाय हळूच सरळ केले. गुडघ्यांच्या मागे कातडी लालभडक झाली होती, बारीक चिरा पडल्या होत्या. बाळ कळवळलं.

“हातांनी नाही होत असं. अंगाला काय लावता?”

सुनेनं पर्समधून गुलाबी बाटली काढून टेबलावर ठेवली. “हे. दिवसातून चार-पाच वेळा.”

डॉक्टरीणबाईंनी झाकण उघडलं. खोलीभर फुलांचा वास सुटला. त्यांचा चेहरा बदलला.

“याची कातडी मुळातच नाजूक. वरचा थर फाटला की आतला ओलावा उडून जातो, आणि बाहेरचं नको ते आत शिरतं. मलमानं तो थर सांभाळायचा असतो. इथं या वासानं आगीत तेल ओतलंय. कुणी आणलं हे?”

सुनेनं स्वतःच निवडून आणलेली ती बाटली हळूच आपल्याकडे ओढली.

“मी,” सासूबाई म्हणाल्या. “वास आवडला म्हणून.”

“आजी, बाळ आहे ते! अत्तर लावून मिरवायला न्यायचंय का त्याला?”

“चुकलं बाई.”

  डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेला कागद सून वाचत राहिली: बिनवासाचं घट्ट मलम, अंघोळीनंतर लगेच, अंग ओलसर असतानाच. तीनच ओळी होत्या. तिनं त्या चार वेळा वाचल्या.

जिन्यात तिनं कसंबसं विचारलं, “आई, तुम्ही कशाला…?”

“तुला परत परत यायचंय डॉक्टरांकडे,” सासूबाई म्हणाल्या. “सांभाळून उतर, पायरी ओली आहे.”

संध्याकाळी अंघोळ घालून तिनं बाळाला पंच्यानं टिपलं. एका हातानं मलमाचं झाकण निघेना, आणि दुसरा हात काढावा तर बाळ पालथं पडू बघत होतं. अंग वाळत चाललं होतं.

दारात सावली हलली. सासूबाई चौकटीबाहेर उभ्या होत्या. सुनेला मान वर करवेना.

“हात धुतलेत मी,” त्या बाहेरूनच म्हणाल्या. “दोनदा.”