टकटक तिथं घण

“मी हातोडीनं टकटक करीन, तिथं तू घण घालायचा. का, कशाला, असलं काही विचारायचं नाही,” दिगंबररावांनी बायकोला बजावलं.

पोस्टातून निवृत्त झाल्यावर परसात भट्टी मांडून सुरे घडवायचा छंद त्यांनी धरला होता. त्या नादात उजवा खांदा असा आखडला की चार महिने झाले, हात छातीच्या वर जाईना. पण छंद सुटेना. म्हणून आता उजव्या हातात सांडशी, डाव्या हातात चिमुकली हातोडी आणि पाच किलोच्या घणाला कुमुदताई. छत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याचं इतकं निमूट कधीच ऐकलं नव्हतं. टक् झालं की धाड्! ऐरणीवरची लालभडक पट्टी पोळीसारखी पसरत होती.

तेवढ्यात व्यायाम करून घ्यायला फिजिओथेरपीवाली ऋजुता परसात आली. “काका, नेमकं कुठं दुखतंय?”

“हे बघ, इथं,” म्हणत दिगंबररावांनी हातोडीनं स्वतःच्याच खांद्यावर टकटक केलं.

कुमुदताईंनी घण उचलला.

“अगं ए, थांब!” सांडशी एकीकडे पडली, हातोडी भलतीकडे, आणि दिगंबररावांचे दोन्ही हात थेट आभाळाकडे गेले. उजवासुद्धा!

ऋजुतानं शांतपणे कागदावर नोंद केली. “मस्त, काका! आता हेच रोज तीनदा करायचं.”

कुमुदताईंनी पदर नीट खोचला. घण मात्र खाली ठेवला नाही.

“म्हणजे आजचं अजून दोनदा राहिलं की हो.”