विरळ वीण

"चादर परत आली. मधेच वीण विरळ हाय म्हणते दुकानदार," नवरा म्हणाला. "कसं झालं वं हे?"

शेवंताने चादरीवरून हात फिरवला. विरळ जागा बोटांना सापडली. ती जागा विणली त्या संध्याकाळी, दिवसभर शेतातला कापूस वेचून, ती मागावर बसली होती आणि विणता विणताच पेंगली होती. हात चालत राहिले, पण त्यांत जोर नव्हता. सासूच्या हाकेने ती दचकून जागी झाली.

"दुसरी विणून देईन. उद्या," ती म्हणाली.

घरच्या कापसाच्या साऱ्या चादरी दुकानात जात. घरात निजायला बाजारातलं नायलॉन. शेवंताने ते ओढून काढलं, परत आलेली चादर अंथरली आणि अंग टाकलं. विरळ जागा नेमकी पाठीखाली आली. त्या संध्याकाळी जिथे मोडली होती, तिथूनच झोप पुढे लागली.