भावजयीचे बोजूर

"खणा," फौजदार म्हणाला आणि शिपायांनी विदोसावाच्या बोजुराच्या फुलझाडांत पहिली कुदळ घातली.

देसांका कुंपणाला टेकून बघत होती. तिचा धाकटा भाऊ रातोमीर नाहीसा झाला त्याला अकरा वर्षं झाली. बेलग्रेडला कामाला गेला, असं त्याची बायको विदोसावा सांगायची. पण तो गेला त्याच वर्षी तिने अंगणात हे बोजूर लावले. दर मे महिन्यात ती भरगच्च लाल फुलं उमलली, की देसांकाला वाटे, रातोमीर त्यांच्याच खाली आहे. शेवटी तिनेच पोलिसांत अर्ज दिला.

दुपारपर्यंत छातीएवढा खड्डा झाला. रताळ्यासारख्या जाड मुळ्या निघाल्या. बाकी नुसती माती.

"बाई, इथे माणूसबिणूस काही नाही," फौजदार वैतागून म्हणाला. "झाडांचं मात्र वाटोळं केलंत."

शिपायांनी खड्डा जेमतेम बुजवला.  मुळ्या गोळा करून विदोसावाने त्यांवर ओलं पोतं टाकलं.

देसांकाला रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी ती भावजयीच्या दारात उभी राहिली.

"चुकले गं. काय वाटेल ते बोल मला."

"बसा, वन्सं. कॉफी टाकते." विदोसावाने तिला आत घेतलं. "घरी सांगून आलात?"

"कुठल्या तोंडाने सांगू? ओढ्याकडून लपतछपत आले."

"बरं केलंत."

कॉफी झाल्यावर दोघी अंगणात आल्या. उपटलेल्या मुळ्या आजच लावायला हव्या होत्या. विदोसावा सुरीने त्यांचे तुकडे करू लागली. देसांकाने हट्टाने फावडं घेतलं. माती भुसभुशीत होती, भराभर निघत होती. खूप वर्षांनी तिला हलकं वाटत होतं. रातोमीर असेल कुठेतरी, सुखात असेल.

गुडघ्याएवढं खणून ती थांबली. "बास?"

"अजून थोडं."

खड्डा कमरेएवढा झाला. देसांका धापा टाकत हसली.

"अगं वेडे, बोजूर दोन बोटं खोल लावतात. जास्त खोल गेला तर फुलतो का कधी?"

"बोजुराला दोन बोटंच लागतात," विदोसावा सुरी पुसत काठाशी आली. "पण पोलिसांनी एकदा खणलेल्या जागी पुन्हा कोणी खणत नाही, वन्सं."