सुपरचा शब्द

"या इमारतीत आठवीत शिकणाऱ्या मुली किती राहतात?" शाळा खात्याच्या तपासनीस बाईंनी दारातच विचारलं.

प्रेंक हातात पाना घेऊन उभा होता. एकोणीस वर्षं तो या इमारतीचा सुपर, म्हणजे देखभाल करणारा. नळ गळो, लिफ्ट अडको, बॉयलर रुसो, सगळ्यांना प्रेंक हवा. राहायला तळघर. दारावर नंबर नाही, पाटी नाही. सुपर कुठे राहतो हे सगळ्यांना ठाऊकच असतं. आत बायको लुले, आणि मुलगी तेउता, ती या वेळी शाळेत.

"सांगणार नाही," प्रेंक म्हणाला.

"म्हणजे माहीत नाही?"

"माहीत आहे. सांगणार नाही."

लुले हात पुसत बाहेर आली. बाईंच्या गळ्यातलं ओळखपत्र बघितलं आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चौथ्या मजल्यावरच्या पेल्टनबाई! दुसरं कोण? दोन वर्षांपूर्वी त्यांचं बिऱ्हाड कनेटिकटला गेलं, बाग आणि दोन गाड्यांच्या घरात. इथली जागा मात्र सोडली नाही. कशाला सोडतील? कोपऱ्यावरच्या सरकारी हायस्कुलात या भागातल्या मुलांना पहिला मान, आणि त्या शाळेवर अख्ख्या न्यूयॉर्कचा डोळा. पेल्टनबाईंची क्लेअर यंदा आठवीत; कागदावर ती इथेच राहत होती आणि इथल्या शाळेत रोज गाडीतून तासभर येत होती.

तेउताही आठवीतच, पण ती मात्र खरोखर इथे राहत होती. हायस्कूलच्या अर्जात बारा शाळांची यादी भरायची असते. तिने पहिल्या ओळीत ही शाळा लिहिली. सल्लागार शिक्षिका म्हणाली, "जरा झेपेल असं बघ ना."

"कोणाला झेपेल असं? मला की तुम्हाला?" तेउता म्हणाली, आणि खालच्या अकरा ओळी कोऱ्या ठेवून अर्ज पाठवून दिला. ही नाही तर कुठलीच नाही! असली पोरगी.

"बोल की!" लुले अल्बानियन बोलीत कडाडली. "एकच मुलगी राहते म्हणून सांग. खोट्या पत्त्याची एक पोर गेली तर आपल्या पोरीची वाट मोकळी होईल."

"बेसा दिलीय मी."

अल्बानियाच्या डोंगरातल्या माणसाने बेसा दिली, म्हणजे शब्द दिला, की तो हलत नाही. लुलेचं अपेंडिक्स फुटलं तेव्हा भर बर्फात पेल्टनबाईंनीच तिला आपल्या गाडीतून दवाखान्यात नेलं होतं. घर बदलताना त्यांनी एवढंच मागितलं: या इमारतीत कोण राहतं, कोण नाही, हे प्रेंकच्या तोंडून कधीही, कुणालाही कळू नये. प्रेंकने छातीवर हात ठेवला. शब्द घरादाराचा झाला, लुलेचासुद्धा.

"पोटच्या पोरीपेक्षा ती बाई मोठी झाली का रे?"

"बाई नाही. शब्द मोठा."

"मग तो शब्द घाल चुलीत आणि त्यावर कॉफी उकळ!"

"काय म्हणतायत त्या?" तपासनीस बाईंनी विचारलं.

"कॉफी घेणार का, विचारतेय."

बाई हसल्या. मग त्यांनी फाइल उघडली. "हे बघा. एका मुलीच्या पत्त्याबद्दल तक्रार आलीय. नाव आधी सांगायचं नाही, असा नियम आहे. अर्जात इमारतीचा नंबर आहे, घराच्या नंबराचा रकाना कोरा."

कोरा! काय वस्ताद बाई आहे, प्रेंकला वाटलं.

"अशी मुलगी इथे राहते, असं तुम्ही सांगितलंत तर विषय संपला. नाही सांगितलंत, तर या भागातली म्हणून तिचा जो हक्क आहे तो जाईल. ही शाळा तिला मिळणार नाही. कळतंय ना?"

लुलेच्या कपाळावरच्या आठ्या भराभर गेल्या. "प्रेंक," ती हळूच म्हणाली, "तुझी बेसा सोन्याची रे! अजिबात तोंड उघडू नकोस."

प्रेंक क्षणभर घुटमळला. बिचारी क्लेअर. पण गप्प राहीन एवढंच तो बोलला होता; खोटं बोलेन असं नाही. तो ताठ उभा राहिला.

"तुमच्या खात्याचा सगळ्यात मोठा साहेब आला तरी हेच उत्तर. सांगणार नाही!"

"मग तसं लिहून द्या."

प्रेंकने पाना खाली ठेवला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: विचारलं, सांगायला नकार दिला. खाली पूर्ण नावाची सही ठोकली. लुलेने खरंच कॉफी आणली, वर चीज भरलेल्या बुरेकचा भला थोरला तुकडा. इतक्या आनंदाने तिने आजवर कुठल्या सरकारी माणसाला वाढलं नसेल.

"अप्रतिम!" बाई खाताना सैलावल्या. "तक्रारीत चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी लिहिलंच होतं. सुपरला विचारा, तो खोटं बोलणार नाही."

"चौथ्या मजल्यावरच्या?" प्रेंक म्हणाला.

बाईंनी कागद फाइलीत ठेवता ठेवता सही वाचली. मग अर्ज वाचला. मग पुन्हा सही.

"लेशी?" त्या म्हणाल्या. "मग ही तेउता लेशी तुमची कोण?"