वेस्लीचे निबंध

"विचारतील त्याचं खरं उत्तर दे," उपासना म्हणाली. "तुला काही होणार नाही. मी आहे ना."

वेस्लीने मान डोलावली आणि चौकशी समितीच्या दारातून जरा तिरका होऊन आत गेला. मैदानावर समोरच्याला एका धक्क्यात आडवा करणारा धिप्पाड पोरगा, पण आत्ता घामाने नुसता निथळत होता. जाताना त्याने पॅंटला हात पुसले.

उपासना नागपूरची. अमेरिकेतल्या या युनिव्हर्सिटीत पीएचडी करायला आली आणि फुटबॉल टीमच्या अभ्यासिकेत ट्यूटर म्हणून लागली. नोकरी रेणूमावशींनी दिली. रेणूमावशी अभ्यासिकेच्या प्रमुख, राहायला अल्फारेटा या उपनगरात, बोलायला गोड. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला काम समजावून सांगितलं होतं. "हे बघ, निबंध आपण लिहायचा आणि खेळाडूच्या नावाने सबमिट करायचा. पास झाला तरच त्याला खेळता येतं ग. टेन्शन नको घेऊस, सगळीकडे असंच चालतं."

उपासनाच्या डोक्यात तिडीक गेली. तिच्या घरात आजोबांपासून जो कोणी वर आला तो शिकून आला. वडिलांनी पोरांची चोरी एक वेळ माफ केली असती, कॉपी कधीच नाही. ती कसली दुसऱ्याचे निबंध लिहितेय!

वेस्ली तिच्याकडे आला तो दुसऱ्या वर्षाला. पहिल्या वर्षाचे त्याचे सगळे निबंध रेणूमावशींच्या माणसांनी लिहिलेले. चांगले मार्क होते, आणि पोराला धड एक परिच्छेद वाचता येत नव्हता. बॉल बरा खेळतो म्हणून शाळेने त्याला ढकलत ढकलत बारावीपर्यंत आणून सोडलं होतं. उपासनाने त्याला समोर बसवलं आणि त्याच्या आजोबांच्या भुईमुगाच्या शेतावर लिहायला लावलं. काय ते लिहिणं! वाक्याला ना शेंडा ना बुडखा. तो निबंध कसाबसा पास झाला. कोच तिच्यावर डाफरला. ती हटली नाही, आणि गंमत म्हणजे वेस्लीही हटला नाही. गेल्या महिन्यात त्याला पहिल्यांदा 'बी' ग्रेड मिळाली, तर त्याने त्या कागदाचा फोटो काढून आईला पाठवला.

त्यानंतर उपासनाने युनिव्हर्सिटीकडे तक्रार केली. पुरावा कसा शोधायचा तेही तिनेच सुचवलं: सगळ्या खेळाडूंचे निबंध शेजारी शेजारी ठेवा, एकाच हाताने लिहिलेत हे शेंबडं पोरही सांगेल. वेस्लीचे तेवढे वेगळे दिसतील. समितीला ते पटलं. निबंध तपासायचे ठरले.

आणि दिसले हो, वेस्लीचे अगदी वेगळे दिसले.

दुपारी रेणूमावशींनी तिला ऑफिसात बोलावलं. दार लावून घेतलं. चेहरा कसा अगदी शांत.

"निकाल आला. सगळे सुटले. एकटा सापडला."

"कोण?"

"तुझा वेस्ली."

उपासनाला आधी हसूच आलं. "मावशी, काहीतरीच काय! अख्ख्या टीममध्ये त्याचेच तर खरे आहेत!"

"म्हणूनच तर." रेणूमावशींनी खुर्ची पुढे ओढली. "शेजारी शेजारी ठेवा म्हणालीस ना? इथे एका विद्यार्थ्याच्या फाइलला दुसऱ्याचा कागद लावता येत नाही. प्रायव्हसीचा कायदा आहे. मग त्यांनी प्रत्येकाचे त्याच्या स्वतःच्याच जुन्या निबंधांशी ताडून पाहिले. बाकीच्यांचे पहिल्या दिवसापासून आम्हीच लिहितोय, मग त्यात फरक सापडणार कुठून? तुझ्या वेस्लीचे आधी झकास, मग एकदम कच्चे, मग जरा बरे. दोन माणसांचं काम आहे हे लगेच कळलं त्यांना. बरं, बाकीची पोरं 'आम्हीच लिहिलं' म्हणून मोकळी झाली. यानेच तेवढं सांगून टाकलं, पहिल्या वर्षाचे माझे नाहीत. कोणी लिहिले ते मात्र त्याला माहीत नाही. त्याच्या नावाने परस्पर जायचे ना ते."

 खरं बोल म्हणून उपासनानेच त्याला बजावलं होतं.

"मी जाते समितीकडे. पुन्हा सगळं सांगते."

"जा की. काय सांगशील? पहिल्या वर्षाचे त्याने लिहिले होते म्हणून? खोटं बोलशील?"

 उपासनाला रेणूमावशींची किळस आली आणि त्याहून जास्त स्वतःची.

"स्कॉलरशिप गेली त्याची. युनिव्हर्सिटीतूनही काढलंय," रेणूमावशी म्हणाल्या. "अजून कळवलं नाहीये त्याला. तूच सांग. तुझं फार ऐकतो तो."

वेस्ली बाहेर कॉरिडॉरमध्ये बाकावर बसला होता. तिला बघताच ताडकन उठला. चेहरा नुसता फुलला होता. उपासनाने तोंड उघडलं, पण तोच आधी बोलला.

"मॅम, मी सगळं खरं सांगितलं. मग त्यांनी माझा भुईमुगाचा निबंध परत वाचला, आणि समितीच्या त्या मोठ्या बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, हा मात्र नक्की यानेच लिहिलेला आहे." त्याने तिचे दोन्ही हात आपल्या पंजात धरले. "जिंकलो ना मॅम आपण?"